नकाशा हरवला नव्हता
(एका तांत्रिक अडचणीचा अभ्यास)
द्वितीय वर्ष कला, इतिहास

गेल्या १९ फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त आपल्या इतिहास विभागाने जे प्रदर्शन भरवले, त्यात 'पन्हाळा ते विशाळगड' हा संगणकावरचा चालता नकाशा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो करण्याचे काम माझ्याकडे होते. गुरुजनांनी आणि मित्रांनी त्याचे कौतुक केले, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. परंतु प्रदर्शनाच्या पाच दिवस आधी हा नकाशा नाहीसा झाला होता आणि तो नाहीसा केल्याचा आळ मी एका निरपराध मुलावर घेतला होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. वार्षिकासाठी लेख मागितला गेला तेव्हा वाटले, कौतुकाची बाजू सर्वांनी पाहिलीच आहे. चुकीची बाजूही मांडावी. ती मांडताना संगणकाची एक अडचण कशी शोधावी व कशी सोडवावी, हेही सांगता येईल. विषय कला शाखेला परका वाटला तरी वाचकांनी थोडा धीर धरावा. शेवटी आपण आपल्याच अभ्यासक्रमाकडे परत येणार आहोत.

खेळ आणि त्यातील नकाशा

'एज ऑफ एम्पायर्स २' हा डावपेचांचा खेळ १९९९ साली निघाला. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या 'एन्सेम्बल स्टुडिओज' या संस्थेने तो तयार केला. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००० साली, 'द कॉन्करर्स' ही त्याची पुरवणी आली. अन्न, लाकूड, सोने आणि दगड या चार वस्तू गोळा करायच्या, वस्ती वाढवायची, सैन्य उभे करायचे आणि अंधारयुगापासून साम्राज्ययुगापर्यंत चार युगे ओलांडायची, असे या खेळाचे स्वरूप आहे.

पण मला त्यातील लढाईपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची ओढ लागली. या खेळात 'सिनॅरिओ एडिटर' नावाचा एक भाग आहे. त्यात आपला नकाशा आपण रचायचा. लहानात लहान नकाशा १२० गुणिले १२० चौकोनांचा, म्हणजे १४,४०० घरांचा. मोठ्यात मोठा २४० गुणिले २४०, म्हणजे ५७,६०० घरांचा. प्रत्येक घरात गवत, माती, पाणी किंवा जंगल भरता येते. जमीन उंच-सखल करता येते. गड, तट, माणसे, घोडे हवे तेथे ठेवता येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यात 'ट्रिगर' लावता येतात. ट्रिगर म्हणजे एक अट आणि तिचा परिणाम. अमुक माणूस अमुक जागी पोहोचला, की तमुक घडावे. इतिहासातील कार्यकारणभाव आपण परीक्षेत पाच गुणांसाठी लिहितो. येथे तो प्रत्यक्ष जुळवावा लागतो, आणि चुकला तर सैन्य जागचे हलत नाही!

तयार झालेला नकाशा 'एससीएक्स' या शेपटाची फाइल म्हणून जतन होतो. खेळ ज्या फोल्डरमध्ये बसवलेला असतो, त्याच्याच पोटातील 'सिनॅरिओ' या फोल्डरात ती फाइल जाते. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. सगळे रामायण याच वाक्यात दडलेले आहे.

नकाशा कसा घडला

आमचे गाव शाहूवाडी तालुक्यात आहे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेला वेढा, जुलैच्या पावसात रात्री शिवाजी महाराजांचे गडाबाहेर पडणे, घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांच्या तुकडीने शत्रूला रोखून धरणे, आणि त्या खिंडीची पुढे पावनखिंड होणे, हे सर्व आम्ही शाळेत शिकण्याआधीच घरात ऐकलेले असते. दरवर्षी जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालत जाणाऱ्या तरुणांचे जथे आम्ही लहानपणापासून पाहत आलो.

माझ्या मामांचे मलकापुरात झेरॉक्स व टायपिंगचे दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत विंडोज ७ चा एक जुना संगणक आहे. विंडोज ७ ला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये बंद झाली. म्हणून मामांनी त्याचे इंटरनेट काढून टाकून तो आम्हा मुलांना दिला आहे. त्यावर माझे एक खाते आणि नववीत शिकणाऱ्या माझ्या मामेभावाचे एक खाते, अशी दोन खाती मामांनी करून दिली. मुख्य खात्याचा परवलीचा शब्द मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत मामांनी सीडीवरून हा खेळ त्यावर बसवला, आणि तो नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी त्यांनीच आपला परवलीचा शब्द घालून तो सुरू करून दिला. त्याच दिवशी मी पन्हाळा आणि विशाळगड या दोन गडांच्या जागा आखल्या, मधले डोंगर उचलले आणि 'पावनखिंड' या नावाने नकाशा जतन केला. खेळाला देवनागरी अक्षरे उमटवता येत नसल्यामुळे नाव रोमन लिपीत दिले, एवढाच फरक.

त्यानंतर सुमारे तीन महिने, सवड मिळेल तसे, मी माझ्या खात्यातून हा नकाशा भरत गेलो. मूळ खेळात १३ आणि पुरवणीत आणखी ५ अशा १८ संस्कृती आहेत, पण त्यांत भारतातील एकही नाही. खेळात भारतीय आले ते थेट २०१३ सालच्या पुरवणीत. त्यामुळे मावळ्यांसाठी मला मंगोलांचे सैन्य घ्यावे लागले आणि सिद्दी जौहरच्या फौजेसाठी पर्शियनांचे. ही तडजोड नकाशाशेजारी पाटीवर स्पष्ट लिहावी, असे आमच्या सरांनी बजावले, व तसे आम्ही केले. पालखी खेळात नाही. तिच्या जागी राजाची आकृती चालवली. ती विशाळगडाच्या घरांत पोहोचली की पडद्यावर तोफांच्या इशाऱ्याचा मजकूर यावा, असा ट्रिगर लावला.

या कामात मला सर्वांत मोठी मदत झाली ती माझ्या वडिलांची. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. संगणकावर मी नक्की काय शिकतो, हे त्यांना कधी नीट सांगता आले नव्हते. एकदा बाजाराच्या दिवशी ते दुकानात आले आणि माझ्या मागे उभे राहून बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आरं, ह्यो वढा हितनं न्हाई. खिंडीच्या खालनं वळसा घालून जातोय. आन् हितं एवढी झाडी कुठली? हितं सगळा कातळ हाय." त्यांनी पोरवयात त्या भागात गुरे राखली होती. त्या दिवशी ते दोन तास बसले. बोट पडद्यावर ठेवून सांगत गेले आणि मी घर घर बदलत गेलो. बाप सांगतो आहे आणि मुलगा ते लिहून घेतो आहे, असे आमच्या घरात प्रथमच घडत होते. त्यांनी सांगितलेले मी वहीत कोठेही टिपले नाही. सर्व थेट नकाशात गेले, आणि मी 'सेव्ह' करून उठलो.

आळ

१४ फेब्रुवारीला विभागात रंगीत तालीम होती. विभागातील संगणकावर खेळ बसवून ठेवला होता. आदल्या दिवशी मी दुकानातील संगणकावर 'सिनॅरिओ' फोल्डर उघडून 'पावनखिंड' ही फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. सर आणि आठ-दहा विद्यार्थी जमले. नकाशा उघडला, आणि माझ्या पोटात गोळा आला. पडद्यावर दोन गड, मधले उघडेबोडके डोंगर, आणि बाकी काही नाही. ओढा नाही, कातळ नाही, सैन्य नाही, ट्रिगर नाही. दिवाळीतला पहिल्या दिवसाचा नकाशा!

सर म्हणाले, "होतं असं. जुनी फाइल आली असेल, उद्या नवी आण." पण माझ्याकडे नवी अशी वेगळी फाइल नव्हतीच. एकच नाव, एकच फाइल.

संध्याकाळी मी मलकापूरला पोहोचलो तेव्हा मामेभाऊ संगणकावर बसला होता. त्याच्यासमोर 'पावनखिंड' उघडा होता. तेच उघडेबोडके डोंगर, आणि त्या डोंगरांवर ओळीने उभे केलेले चाळीसेक हत्ती. यापुढे मला आणखी पुरावा नको होता. मी त्याला नको ते बोललो. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दादा, मी माझ्या खात्यात केलंय. तुझ्याला हात नाही लावला. मी उघडला तेव्हा असाच होता." मी मामांना हाक मारली. मामांनी त्याचे ऐकूनच घेतले नाही. म्हणाले, "तो कॉलेजात शिकतोय, तो उगाच बोलेल का?" त्यांनी त्याला संगणकाच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही असे बजावले आणि वर एक ठेवूनही दिली.

मामांचे ते वाक्य मी विसरू शकत नाही. पोराचा शब्द खोटा ठरला तो पुराव्यामुळे नाही. माझे नाव कॉलेजच्या हजेरीपटावर होते, एवढ्यामुळे ठरला.

न पाहिलेली तारीख

दुसऱ्या दिवशी सकाळी, निदान निम्मे काम तरी पुन्हा उभे करावे म्हणून मी माझ्या खात्यातून खेळ सुरू केला आणि 'पावनखिंड' उघडला. सगळा नकाशा जागच्या जागी होता. ओढा वळसा घालून वाहत होता. कातळ होता, बांदलांची तुकडी खिंडीत उभी होती. मी ट्रिगर तपासले. एकही गेला नव्हता.

आनंदाने मी पुन्हा फाइल पेनड्राइव्हवर उतरवली आणि या वेळी प्रथमच तिची तारीख पाहिली. फाइल शेवटची बदलली होती ती दिवाळीच्या सुट्टीत. मामेभावाने ती फेब्रुवारीत बिघडवली असती, तर तारीख फेब्रुवारीची दिसायला हवी होती. शिवाय त्याने ती बिघडवली असती, तर माझ्या खात्यात ती धडधाकट कशी?

इतिहासाच्या पहिल्याच तासाला सरांनी सांगितले होते की, कागद हाती आला की आधी त्याची तारीख पाहा, मग मजकूर. मी तारीख न पाहता निकाल दिला होता. आता प्रश्न नकाशाचा राहिला नव्हता. खरे काय ते मला मामांना दाखवून द्यायचे होते, आणि 'बहुधा' या शब्दावर ते भागणार नव्हते.

चाचण्या

अडचण शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मूळ पुराव्याला हात लावू नये, हे दोन नियम मी पाळले. पेनड्राइव्हवर आधी सर्व फाइलींच्या प्रती काढून ठेवल्या. मग पुढील चाचण्या घेतल्या.

पहिली चाचणी. माझ्या खात्यात नकाशा उघडून त्याच्या सूचनांच्या चौकटीत 'प्रत १' अशी खूण लिहिली आणि जतन केले. खेळ बंद करून पुन्हा उघडला. खूण जागेवर होती. फोल्डरातील फाइलीची तारीख मात्र बदलली नाही.

दुसरी चाचणी. त्याच नकाशाला 'चाचणी' असे नवे नाव देऊन जतन केले. खेळातील यादीत 'चाचणी' दिसू लागली. फोल्डरात त्या नावाची फाइलच नव्हती! यावरून एक गोष्ट ठरली. खेळ जतन करतो हे खरे, पण मी पाहतो त्या फोल्डरात करत नाही.

तिसरी चाचणी. मामेभावाला बोलावून त्याच्या खात्यातून खेळ सुरू करायला लावला. त्याच्या यादीत 'चाचणी' नव्हती, आणि 'पावनखिंड' उघडला तर हत्ती होते. म्हणजे जे काही घडत होते, ते खात्यागणिक वेगळे होते.

चौथी चाचणी. मामांना विनंती करून खेळाच्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' या मार्गाने, त्यांचा परवलीचा शब्द घालून, खेळ सुरू केला. आता यादीत 'चाचणी' नव्हती, आणि 'पावनखिंड' उघडला तर तोच दिवाळीतला उघडा नकाशा आला. त्यावर न लिहिता 'चाचणी २' या नव्या नावाने तो जतन केला. ही फाइल मात्र लगेच फोल्डरात दिसली, आणि नंतर आम्हा दोघांच्याही खात्यांत दिसली.

चारही निष्कर्ष वहीत एकाखाली एक लिहिल्यावर चित्र स्पष्ट झाले. 'पावनखिंड' नावाच्या फाइली एक नसून तीन होत्या. एक सर्वांना दिसणारी, दिवाळीतली. दुसरी फक्त मला दिसणारी. तिसरी फक्त मामेभावाला दिसणारी, हत्तींची.

आता त्या फाइली ठेवल्या कोठे आहेत, एवढेच उरले होते. मी संगणकभर शोध घेतला, पण 'चाचणी' सापडली नाही. तेवढ्यात मामेभाऊ म्हणाला, "दादा, ह्या वरच्या पट्टीवर काय लिहिलंय? दुसऱ्या फोल्डरात हे नसतंय." 'सिनॅरिओ' फोल्डर उघडले की खिडकीच्या वरच्या पट्टीत 'कंपॅटिबिलिटी फाइल्स' असे एक बटण दिसत होते. तीन महिने ते माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी ते वाचले नव्हते. त्याने ते दाबले. नवे फोल्डर उघडले. त्यात 'चाचणी' होती, आणि कालच्या-आजच्या तारखेचा 'पावनखिंड' होता.

असे का होते

आता या मागचे कारण थोडक्यात सांगतो. पूर्वी विंडोजच्या घरगुती संगणकांवर बहुतेक जण सर्वाधिकारी म्हणूनच काम करीत, आणि प्रोग्रॅम आपल्या फाइली आपल्याच फोल्डरात लिहीत. १९९९ सालचा हा खेळ त्या काळातला आहे. पण अशा मोकळीकीमुळे घातक प्रोग्रॅमनाही कोठेही लिहिता येई. म्हणून २००७ साली सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून 'यूजर अकाउंट कंट्रोल' ही व्यवस्था सुरू झाली. 'प्रोग्रॅम फाइल्स' हे फोल्डर साध्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमांना लिहिण्यासाठी बंद झाले.

मग जुन्या प्रोग्रॅमांचे काय? त्यांना सरळ नकार दिला असता तर ते बंदच पडले असते. म्हणून विंडोजने एक तोड काढली. जुना प्रोग्रॅम बंद फोल्डरात लिहू लागला, की विंडोज ते लिखाण गुपचूप त्या खात्याच्या स्वतःच्या जागेत वळवते. ही जागा म्हणजे 'यूजर्स' फोल्डरात आपल्या खात्याच्या नावाखाली, 'अ‍ॅपडेटा' या लपवलेल्या फोल्डरातील 'लोकल' मध्ये असलेले 'व्हर्च्युअल स्टोअर'. प्रोग्रॅमला मात्र 'लिहिले' असेच उत्तर मिळते. पुढे तोच प्रोग्रॅम फाइल मागतो, तेव्हा विंडोज आधी व्हर्च्युअल स्टोअरमध्ये पाहते. तेथे नसेल तरच मूळ फोल्डरातील प्रत देते.

आपल्या ग्रंथालयातील उदाहरण घेऊ. संदर्भग्रंथावर लिहायला मनाई आहे. समजा, ग्रंथपालांनी प्रत्येक विद्यार्थ्याला एक पारदर्शक कागद दिला. पानावर तो ठेवून हवे ते लिहा, आणि जाताना कागद आपल्या कप्प्यात ठेवा. तुम्ही पुन्हा ग्रंथ मागितला की तुमचा कागद पानावर ठेवूनच तो मिळतो. तुम्हाला वाटते, आपण ग्रंथावरच लिहिले आहे. दुसऱ्या विद्यार्थ्याला त्याचा कागद लावलेला मिळतो. आणि स्वतः ग्रंथपाल पान उघडतात, तेव्हा त्यांना कोरे पान दिसते. माझे तीन महिन्यांचे काम पारदर्शक कागदावर होते. मामेभावाचे हत्ती त्याच्या कागदावर होते. मामांच्या परवलीच्या शब्दाने खेळ सुरू झाला तेव्हा कागद दूर होऊन लिखाण थेट पानावर झाले. फोल्डर उघडून फाइल उचलताना मी दरवेळी ग्रंथपालांचे पान उचलत होतो.

यात खेळ करणाऱ्यांचा दोष नाही, विंडोज करणाऱ्यांचाही नाही. एकाने आपल्या काळाच्या रीतीने काम केले, दुसऱ्याने नंतरच्या काळाची गरज ओळखून जुन्याला सांभाळून घेतले. याच खेळाची २०१९ साली निघालेली नवी आवृत्ती नकाशे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरातच ठेवते, त्यामुळे हा घोळ तेथे होत नाही. चूक झाली ती माझी. जुना खेळ कधी एका अधिकाराने तर कधी दुसऱ्या अधिकाराने चालवला, आणि दोन्ही वेळा लिहिणारा हात एकच आहे असे मी गृहीत धरले.

पाठभेद

येथे मला मराठीच्या तासाची आठवण झाली. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण सर्व जाणतो. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती होतात. प्रत्येक प्रत करणाऱ्याचा हात वेगळा, हेतू वेगळा. अभ्यासकाने विचारायचे ते असे. ही प्रत कोणी केली? केव्हा केली? कोठे मिळाली? जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक पुष्पिका लिहीत असे, तिच्यात बहुधा हीच माहिती असते. माझ्या 'प्रत १' या खुणेने तेच काम केले.

फरक एवढाच की पोथीच्या बाबतीत आपण सहसा जुन्यात जुनी प्रत शोधतो, आणि संगणकावर नव्यात नवी. पण दोन्हीकडे नावावर विश्वास ठेवून चालत नाही. 'पावनखिंड' हे नाव तिन्ही फाइलींचे होते. नाव एक म्हणून वस्तू एक, असे मी समजलो, आणि तिघांनाही त्याचा त्रास झाला.

उपाय

ज्यांना जुन्या खेळांत नकाशे रचण्याची हौस आहे, किंवा ज्यांच्याकडे जुना टंकलेखनाचा वा हिशेबाचा प्रोग्रॅम आहे, त्यांच्यासाठी अनुभवाने ठरवलेले उपाय देतो.

१. फाइल सापडत नसेल तर प्रथम काहीही पुन्हा जतन करू नका, काहीही पुसू नका. असेल त्या सर्व प्रती वेगळ्या जागी उतरवून घ्या.

२. फाइलीचे नाव पाहण्याआधी तिची तारीख पाहा.

३. नवे, पूर्वी न वापरलेले नाव देऊन जतन करा आणि ती फाइल फोल्डरात दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर व्हर्च्युअल स्टोअरमध्ये शोधा. लपवलेली फोल्डरे दिसण्याची सोय आधी सुरू करावी लागते.

४. तेथे सापडलेली प्रत पेनड्राइव्हवर घ्या. त्यानंतर खेळ काढून 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या बाहेर, सी ड्राइव्हवर 'गेम्स' असे साधे फोल्डर करून त्यात पुन्हा बसवा. तेथे लिहायला अडकाठी नसल्यामुळे लिखाण दुसरीकडे वळत नाही. सुरक्षेची व्यवस्था बंद करून टाकणे हा सोपा पण वाईट उपाय आहे. तो करू नये.

५. प्रोग्रॅम नेहमी एकाच अधिकाराने सुरू करा.

६. रोजच्या कामाला क्रमांक द्या. 'पावनखिंड ७', 'पावनखिंड ८' असे. एकाच नावावर तीन महिने लिहीत राहणे म्हणजे एकाच दोरीवर सगळे ओझे टांगणे.

७. उतरवलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय काम झाले असे समजू नका. मी १३ तारखेला एवढे केले असते, तर १४ तारखेचा प्रसंग टळला असता.

विभागातील संगणकावर नवी फाइल ठेवतानाही एक खबरदारी घ्यावी लागली. तालमीच्या दिवशी तेथे आम्ही जुना नकाशा केवळ उघडला होता, जतन केला नव्हता. केला असता तर त्या संगणकावरही त्याचा पारदर्शक कागद तयार झाला असता आणि खाली नवी फाइल असूनही वर जुनीच दिसली असती. सुदैवाने तसे झाले नाही.

समारोप

अडचण सुटली ती १५ फेब्रुवारीच्या दुपारी. संध्याकाळी मी मामांना दुकानात बसवून चारही चाचण्या त्यांच्या देखत पुन्हा केल्या. तांत्रिक भाग त्यांना किती कळला, सांगता येत नाही. पण तिन्ही फाइलींच्या तारखा त्यांनी स्वतः वाचल्या. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "तू सांगत होतास ते खरं होतं." मीही त्याची माफी मागितली. तो लगेच हसला वगैरे नाही. "हत्ती ठेवू का काढू?" एवढेच त्याने विचारले. मी म्हटले, ठेव. ती फाइल अजून त्याच्या खात्यात आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी माझे वडील प्रथमच आपल्या महाविद्यालयात आले. नकाशासमोर गर्दी होती, ते मागे उभे राहिले. राजाची आकृती विशाळगडाला पोहोचून इशारा झाला तेव्हा त्यांनी फक्त ओढ्याकडे बोट केले आणि शेजारच्या अनोळखी विद्यार्थ्याला म्हणाले, "ह्यो वढा बरोबर हाय."

असो. आपल्यापैकी अनेक जण माझ्यासारखेच घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. गावात, घरात आपला शब्द आता वजनाने घेतला जाईल. कोर्टात, कचेरीत, भांडणात, वाटणीत लोक आपल्याकडे पाहतील आणि म्हणतील, हा शिकलेला आहे, हा सांगतो ते खरे. अशा वेळी बोलण्याआधी निदान तारीख तरी पाहावी, एवढे मी या नकाशापासून शिकलो.